कळलावी (खड्यानाग) : कंद, डोळा, आधार आणि ऊन

रानकंद

पावसाळा तोंडावर आला की कळलावीचे प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी तेच तीन. कोंब आला नाही, वेल मोडली, फुलं नाहीत. एकाच ठिकाणी लिहून ठेवतो, बाकीच्यांनी भर घाला.

आधी नावाचा घोळ. कळलावी, खड्यानाग, अग्निशिखा, लांगली ही सगळी एकाच वेलीची नावं : ग्लोरिओसा सुपर्बा. काही जण हिलाच बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयातला, वेगळ्याच कुळातला. वाघनखी म्हणाल तर काट्याच्या आकड्यांची विंचवी समोर येते, तीही वेगळी. कंद मागवताना शास्त्रीय नावाने मागवा.

ही आपल्याकडची मूळची बहुवर्षायू वेल. सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांच्या झुडपांत जून-जुलैत उगवते, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलते, थंडीत वरचा भाग पूर्ण वाळतो आणि कंद जमिनीत झोपतो. बागेत आपल्याला हेच वेळापत्रक पाळायचं आहे. बाराही महिने हिरवी ठेवायचा प्रयत्न केला की कंद कुजतो.

आता कंद. हातमोजे घालून तळहातावर घ्या. वाकवलेल्या बोटासारखा किंवा इंग्रजी व्हीसारखा दोन फाट्यांचा असतो, साल गुळगुळीत, फिकट तपकिरी. फाट्याच्या टोकाशी बारीकसा फुगवटा दिसेल, पांढुरका, कधी किंचित गुलाबी. हा डोळा. एका फाट्याला एकच. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात, त्यामुळे बटाट्यासारखे तुकडे करून लावता येत नाहीत. टोक मोडलं की तो फाटा संपला, मग उरलेला भाग कितीही जाडजूड असो. बहुतेक "कोंब आला नाही"चं मूळ इथेच असतं, वाहतुकीत टोक घासलेलं असतं.

५० ग्रॅमच्या वरचा कंद पहिल्याच वर्षी फुलायची शक्यता चांगली. २० ग्रॅमवाला पहिलं वर्ष बहुतेक पानांवरच काढतो.

लागवड मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. कंद आडवा ठेवायचा, डोळा किंचित वर, त्यावर ६ ते ८ सेंटिमीटर माती. जमिनीत दोन कंदांत ४५ सेंटिमीटर.

गच्चीबाग

अगदी वेळेवर धागा काढलात. १२ इंची कुंड्यांत १ जूनला ५ कंद लावले आहेत, आज तीस दिवस झाले. तिघांचे कोंब आले, दोन गप्प आहेत. उकरून बघू का? आणि कुंडीत मातीचं प्रमाण काय ठेवायचं?

वाळूमाती

मातीचं मी सांगतो. तीन भाग बागेची माती, दोन भाग भरड वाळू, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. भरावाची बारीक वाळू नको, ती मातीत मिसळून सिमेंटसारखी बसते. वाळू नसेल तर भाताचं जळकं तूस चालतं. निव्वळ कोकोपीटमध्ये हा कंद लावू नये, सलग आठ दिवस झड लागली की कोकोपीट स्पंजासारखं भिजलेलं राहतं आणि कंद आतून पिचपिचीत होतो.

निचरा तपासायचा सोपा उपाय : भरलेल्या कुंडीत एक लिटर पाणी एकदम ओता. अर्ध्या मिनिटात वरचं पाणी आत गेलं पाहिजे आणि दोन-तीन मिनिटांत खालून यायला हवं. वर तळं साचून राहिलं तर माती बदला, खत घालून काही होणार नाही.

कुंडी रुंदीपेक्षा खोल हवी. नवे कंद खालच्या दिशेने धरतात, उथळ ट्रेमध्ये ते तळाला टेकून वाकडेतिकडे होतात आणि काढताना मोडतात. १२ इंच खोली किमान, एका कुंडीत एकच कंद. काळ्या मातीची बाग असेल तर खड्डा करून वाळू भरू नका, खड्ड्याची विहीर होते. जमिनीच्या वर वीतभर उंच वाफा करा.

रानकंद

गच्चीबाग, उकरा, पण खुरपं लावू नका. बोटांनी, बाजूने. वरून थेट खाली गेलात तर कोंब वर यायच्या बेतात असेल तोच मोडेल.

कंद हाताला टणक आणि डोळा शाबूत असेल तर तसाच झाका, याला ४५ दिवससुद्धा लागू शकतात. कंद टणक पण टोकाला सपाट, कोरडा डाग असेल तर डोळा गेला. दाबल्यावर मऊ आणि आंबूस वास, तर कुजला, त्याच्यासकट आजूबाजूची ओंजळभर माती काढून टाका आणि त्या कुंडीत या वर्षी दुसरा कंद लावू नका. काय दिसतं ते लिहा.

पागोळी

लावण्याआधी कंद बुरशीनाशकात बुडवायचा की ट्रायकोडर्मात? दोन्ही सल्ले वाचले आहेत.

वाळूमाती

दोन्हींपैकी एक. दोन्ही एकदम केलं तर बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाच मारतं, कारण तीही बुरशीच, फक्त कूज रोखणारी.

माझं मत ट्रायकोडर्मा : १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात, कंद २० मिनिटं, मग सावलीत तासभर सुकवून लावायचे. कंदाला जखम असेल, दोन फाटे वेगळे केलेले असतील तर मात्र मँकोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर, अर्धा तास. फाटे वेगळे करायचे ते लावायच्या चार दिवस आधी, म्हणजे काप सुकतो. ओला काप थेट ओल्या मातीत गेला की कूज तिथूनच शिरते. मँकोझेब वापरलं तर ट्रायकोडर्मा पंधरा दिवसांनी मातीत द्या.

खुरपं

आधाराबद्दल कोणीच बोललं नाही अजून, आणि निम्म्या वेली तिथेच जातात.

कळलावीला दोडक्यासारखे खोडातून निघणारे वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच लांबट होऊन वळतं आणि तेच धरतं. शेंड्याकडच्या पानांचंच टोक असं वळतं, खालची पानं साधी असतात. म्हणून वेल वीत-दीड वीत झाली की तिला लगेच काहीतरी धरायला लागतं. पानाचं टोक केवढं ते बघा, त्याला जाड बांबूभोवती वेढा घालता येत नाही. बांबू लावून "वेल चढत नाही" म्हणणाऱ्यांनी त्यालाच सुतळीचे आडवे वेढे द्यावेत, दर १५ सेंटिमीटरला एक. पेन्सिलीहून जाड काही नको. वाळलेल्या तुरीच्या काटक्या, मेंदीच्या छाटलेल्या फांद्या, कोंबडीजाळी, सगळं चालतं. कुंडीत काटक्यांचा शंकू करून शेंडे बांधले की झालं. उंची दीड ते दोन मीटर धरा.

आधार लागवडीच्याच दिवशी रोवायचा. नंतर काठी खुपसली की नेमकी कंदात जाते.

आणि कोंब अतिशय ठिसूळ असतो. काकडीच्या वेलीसारखा हाताने वळवून बांधायला गेलात तर कट्कन मोडतो, आणि त्या डोळ्यातून त्या हंगामात बहुतेक दुसरा कोंब येत नाही. वळवायचाच असेल तर दुपारी, पाणी दिलेलं नसताना, थोडा लवचीक असतो तेव्हा. सकाळी पाण्याने टच्च भरलेला कोंब काचेसारखा असतो.

पागोळी

मोडलाच तर कंद फेकायचा?

खुरपं

नाही. खाली चार पानं उरली असतील तर ती राहू द्या, पाणी बेताने. पानं वाळेपर्यंत छोटा का होईना नवा कंद धरतो. जुना कंद तसाही दरवर्षी सुकून जातो, त्याच्या जागी नवे येतात. एकही पान उरलं नसेल तर पाणी बंद करा आणि पुढच्या वर्षी नशीब बघा.

अर्धी_सावली

माझ्याकडे ऊन फक्त सकाळी नऊपर्यंत येतं. चालेल?

रानकंद

उगवेल, उंच होईल, फुलणार नाही किंवा शेंड्याला दोन फुलं देईल. थेट ऊन पाच-सहा तास हवं. तेही पावसाळ्यातलं, म्हणजे आधीच ढगाळ, त्यामुळे जेवढं मिळेल तेवढं द्या. रानात ही झुडपाच्या बुडाशी उगवते आणि डोकं झुडपाच्या वर काढते. मुळं सावलीत, शेंडा उन्हात. बागेत हेच करायचं : बुंध्याशी दोन इंच पाचोळा, किंवा एखादं बुटकं झुडूप शेजारी. सिमेंटच्या गच्चीवर पाऊस ताणला आणि कुंडी तापली की आधी पानांची टोकं करपतात, म्हणजे जे धरतं तेच जातं. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा.

तुमच्याकडे ऊन नसेल तर उगाच कंद घालवू नका, सोनटक्का लावा, तो कमी उन्हात भागवतो.

शेंडाखुडी

खत? गेल्या हंगामात भरपूर शेणखत आणि महिन्याला युरिया दिला होता, वेल आठ फूट गेली आणि फुलं सहा.

वाळूमाती

युरियानेच आठ फूट गेली हो. नत्र जास्त झालं की ही नुसती पळत सुटते, पेरं लांब, खोड लुसलुशीत, आणि मावा-फुलकिडे त्यावर टपलेलेच.

१२ इंची कुंडीला लावताना बोनमील (हाडांचा चुरा) दोन चमचे मातीत मिसळून. मग कोंब एक फूट होईपर्यंत काही नाही, तोवर ती कंदातलंच खाते. एक फुटाला गांडूळखत दोन मुठी, बुंध्यापासून जरा लांब. शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत मण्यासारख्या हिरव्या कळ्या दिसल्या की ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं विरघळणारं खत), लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. फुलं ओसरल्यावर ०:०:५० (नुसतं पालाश), तेवढंच प्रमाण, एकदाच. हा शेवटचा डोस लोक विसरतात, कारण फुलं संपली की कुंडीकडे बघत नाहीत. पण पुढच्या वर्षीचा कंद नेमका त्याच सहा-आठ आठवड्यांत भरतो. पानं हिरवी आहेत तोवर वेल कापायची नाही, कितीही रया गेली तरी.

शेंडाही खुडायचा नाही. तुमचं नाव वाचून मुद्दाम सांगतो. कळ्या शेंड्याकडेच येतात.

पागोळी

:) :)

तांबडी_माती

अळीबद्दल लिहा कोणीतरी. काळी, पांढऱ्या आणि तांबड्या ठिपक्यांची, एका रात्रीत अर्धी वेल खाल्ली.

खुरपं

पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाची अळी. नावातच कळलावी. लिली, क्रायनम, पावसाळी लिली यांवरही येते, त्यामुळे शेजारी त्या कुंड्या असतील तर तिथेही शोधा. पतंग अंडी पुंजक्याने घालतो, लहान अळ्या एकाच पानावर गर्दी करून पान खरवडतात, पानाला पांढरट खिडक्या पडतात. त्या दिवशी ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकलं की काम संपलं. दोन इंची झाल्या की मग वेचायच्या, हातमोजे घालून.

कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला. लहान अळ्यांवर लागू पडतं, मोठ्यांवर फारसं नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिसची (अळ्या मारणारा जिवाणू) पावडर पाकिटावरच्या प्रमाणात, तीही लहान असतानाच. पावसाने धुतलं की पुन्हा फवारा. कोष मातीत करते, म्हणून हंगाम संपल्यावर वरची दोन इंच माती उकरून उन्हात पसरायची. कंद कुठे आहे ते लक्षात ठेवून!

रानकंद

पानं पिवळी पडण्याचाही प्रश्न येणारच, आधीच सांगतो. ऑक्टोबरनंतर खालून वर पिवळी होत गेली तर तो तिचा धर्म. जुलै-ऑगस्टमध्ये झाली तर पाणी साचतंय, कुंडीखालची ताटली काढा. पाऊस चालू असताना वरून पाणी द्यायचंच नाही. उघडीप पडली तर बोट घालून बघा, वरची तीन सेंटिमीटर कोरडी असेल तरच. पानावर तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी कडा असेल तर बुरशी, ती पानं काढा, वेलींत हवा खेळती ठेवा.

अर्धी_सावली

फुलं आली तरी बोंडं धरत नाहीत असं एकाने सांगितलं. खरं का?

रानकंद

फूल जवळून बघा म्हणजे कळेल. कळी खाली लोंबते, हिरवी. उमलताना सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, कडा नागमोडी. सुरुवातीला खालचा भाग पिवळा, वर लाल, आणि पाच-सात दिवसांत सगळी गडद तांबडी. पाकळ्या वर गेल्यामुळे सहा पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाजूला पसरतात. आणि स्त्रीकेसर? तो बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला बाहेर जातो, टोकाला तीन फाटे. म्हणजे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर पडू नयेत अशीच मांडणी. मोठी फुलपाखरं, शिंजिर फिरकत असतील तर बोंडं धरतात. चौथ्या मजल्यावर एकच वेल असेल तर कठीण.

हाताने करायचं असेल तर सकाळी ८ ते ११. परागकोश फुटून पिवळी भुकटी दिसली पाहिजे. तो चिमट्याने तोडा आणि दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या तीन फाट्यांवर हलकेच टेकवा. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती होते, तिथे शेतभर हे काम हातानेच करतात. पाऊस आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पण नुसती फुलं हवी असतील तर बोंडं धरू देऊच नका, सुकलं फूल देठासकट काढा. बोंड आणि कंद एकाच ताटात जेवतात.

तांबडी_माती

बियांपासून करून बघायचं असेल तर?

वाळूमाती

धीर असेल तर करा. तीन-चार वर्षं फुलाला. बोंड पिवळट होऊन शिवण उकलायला लागली की काढा. आत नारिंगी-लाल बिया. त्यावरचा गर वाळूत चोळून काढायचा (हातमोजे), चोवीस तास कोमट पाण्यात, मग एक सेंटिमीटर खोल. उगवण अतिशय विस्कळीत, काही तीन-चार आठवड्यांत, काही तीन महिन्यांनी, त्यामुळे ट्रे लवकर ओतून टाकू नका. पहिल्या वर्षी फक्त दोन-चार साधी पानं, गवत समजून उपटली जातात. खाली शेंगदाण्याएवढा कंद धरतो. पुनर्लागवड तो झोपलेला असतानाच.

पागोळी

घरात दोन लहान मुलं आणि कुत्रा आहे. लावावी का?

रानकंद

स्पष्टच सांगतो : कुत्रा माती उकरणारा असेल किंवा मुलं तोंडात घालायच्या वयाची असतील तर नको. संपूर्ण वेलीत कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत जास्त. गाऊटवर मिलिग्रॅमच्या हिशेबात देतात तेच औषध. जास्त पोटात गेलं तर काही तासांत उलट्या-जुलाब, मग एक-दोन दिवसांत रक्त, मूत्रपिंड, हृदय. मधे थोडं बरं वाटतं आणि लोक फसतात. कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ल्याने माणसं गेलेली आहेत. पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय, सोबत कंदाचा किंवा पानाचा तुकडा.

कंद काढताना हातमोजे, खुरपं साबणाने धुवायचं, काढलेले कंद कांदे-बटाट्यांच्या आसपाससुद्धा ठेवायचे नाहीत, डब्यावर ठळक "विषारी". नावातली कळ बाळंतपणाच्या कळांची आहे, आणि त्या जुन्या उपयोगाच्या वाटेला कोणीही जाऊ नये. भांडणं लावते म्हणून घरात नको, हा त्या नावावरचा श्लेष. कळलाव्या माणसं वेल नसतानाही भरपूर आहेत.

शेंडाखुडी

हिवाळ्यात कंद काढायचे की ठेवायचे?

खुरपं

जमिनीत निचरा चांगला आणि तिथे उन्हाळ्यात पाणी पडत नसेल तर काढू नका. दर चार-पाच वर्षांनी गर्दी झाली की काढून पांगवा. ठिबकच्या रांगेत असेल तर काढावेच लागतात.

कुंडीत सोपं आहे : वेल पूर्ण वाळली की बुंध्यापाशी कापा, कुंडी आडवी करून पागोळ्या लागणार नाहीत अशा कोरड्या जागी सरकवा, मे अखेरीपर्यंत थेंबही नाही. फ्रीजमध्ये ठेवू नका, हा ट्युलिप नव्हे. काढलेच तर कोरड्या वाळूत, एकमेकांना न टेकता, डोळे एका बाजूला.

वाळूमाती

आणि कंद रानातून खणून आणू नका. औषधी म्हणून आधीच ओरबाडली जाते, शिवाय रानातला कंद खोल असतो, खणताना टोक हमखास तुटतं. वेलही गेली आणि कंदही गेला.

गच्चीबाग

उकरले. पहिला टणक आहे, पण टोकाला सपाट तपकिरी डाग, नखाने खरवडलं तर आत कोरडं. दुसऱ्याला डोळा आहे, मुगाहून मोठा, पांढरा, पण तोंड खाली. मी उलटा लावला बहुतेक. काढून सरळ करू का? काठीही अजून लावलेली नाही.

रानकंद

पहिल्याचा डोळा गेला. एकच फाटा असेल तर त्यातून काही येणार नाही, कागदात गुंडाळून टाका, उघड्यावर नको. दोन फाटे असतील तर दुसरं टोक बघा.

दुसरा हलवू नका. डोळा सुटलाय, म्हणजे मुळंही सुटली असणार, आता उचलला तर दोन्ही तुटतील. कोंब आपण होऊन वळून वर येतो, आठ-दहा दिवस जास्त घेईल इतकंच. सहा सेंटिमीटर माती हलकेच लोटा, दाबू नका. आणि कंद कुठे आहे ते आत्ता दिसतंय तोवरच काटकी रोवून घ्या, डोळ्याच्या विरुद्ध अंगाला चार बोटं सोडून.